पहिल्या हिवाळ्यातली डोकेदुखी

थंड देशातल्या पहिल्या हिवाळ्यात डोकं जड होतं, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. प्रवासाचा शीण असेल म्हणून आपण गोळी घेतो. मीही महिनाभर तेच केलं. कामावर गेलं की बरं वाटायचं, घरी आलं की पुन्हा सुरू. घरातल्या दोघांचंही दुखायचं, ताप मात्र कुणालाच नाही. शेवटी कळलं, भाड्याच्या घरातल्या गॅस हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यात निसटला होता आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरातच पसरत होता.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. झोपेत हे घडलं तर जागही येत नाही.

म्हणून सामान लावायच्या आधी या वायूचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा, त्यावर विसंबू नका. झोपायच्या खोल्यांजवळ एक हवाच, शिवाय प्रत्येक मजल्यावर. त्याचीही मुदत संपते, मागची तारीख बघा. हीटर दरवर्षी तपासून घ्या, बर्फ पडला की बाहेरचं धुराड्याचं तोंड मोकळं करा. कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका.

अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.

दवाखान्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बेशुद्ध पडलेल्यांना किंवा गरोदर बाईला कधी जास्त दाबाच्या कक्षात ठेवून ऑक्सिजन देतात. गरोदरपणात पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा वायू ओळखता येत नाही, तो 98 दाखवेल. घरी पाठवायला लागले तर ‘कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे, रक्त तपासा’ असं स्पष्ट सांगा. भाषा अडखळली तरी संकोच करू नका.

बरं वाटल्यावरही काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसरायला होणं, चिडचिड, चालताना तोल जाणं असं सुरू होऊ शकतं. तसं झालं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि हा वायू लागला होता हे आधी सांगा.