एअर रायफलचे नवे छर्रे घेताय? या चुका टाळा

नऊ शॉट टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळात आणि दहावा थेट आठात गेला, की रेंजवर पहिला दोष छर्‍यांना लागतो. कधी तो खराही असतो. पण छर्रे खरंच खराब आहेत का, हे तपासण्याची आपली पद्धतच बहुतेकदा चुकते. त्यात पालकांचे पैसे जातात आणि मुलांचा आत्मविश्वासही. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (तीन पवित्र्यांतून नेमबाजी) कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून सोलापुरातही शूटिंगची चौकशी करणारे पालक भेटतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

टोकदार छर्रे घेऊ नका. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला काहीही चालतं, दहा मीटरच्या टार्गेटला चालत नाही. तिथे ४.५ मिलिमीटरचा, सपाट डोक्याचा छर्राच लागतो. तो कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण नीट मोजता येतात. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा सर्रास वापरतात.

एकदम दहा डबे मागवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपल्याकडे चांगले छर्रे पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात, म्हणून कुणी तरी नावाजलेला ब्रँड सांगतं आणि आपण वर्षाचा साठा एकदम भरतो. पण एकाच ब्रँडचे, एकाच नावाचे छर्रे डोक्याच्या मापानुसार वेगवेगळे मिळतात: ४.४९, ४.५० वगैरे. हे माप डब्यावर छापलेलं असतं. त्याशिवाय प्रत्येक डब्यावर लॉट नंबर, म्हणजे तो माल कोणत्या खेपेत बनला त्याचा क्रमांक असतो. साचा झिजतो, बदलतो, आणि दोन लॉटमध्ये फरक पडतो. मित्राच्या रायफलीत जे छर्रे एकाच भोकात जातात, तेच तुमच्या बॅरलमधून (नळीतून) पसरू शकतात. यात ना ब्रँडची चूक, ना रायफलीची.

म्हणून आधी दोन-तीन मापांचा एकेक डबा घ्या, स्वतःच्या रायफलीत तपासा आणि जो लॉट जमेल त्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मग त्याच लॉटचे डबे भरून घ्या. दुकानदार ‘सगळं एकच आहे हो’ म्हणाला तरी लॉट नंबर विचाराच.

मापाची खात्री करायला व्हर्नियर कॅलिपर लावू नका. शिसं इतकं मऊ असतं, की जबड्यात धरताच छर्रा दबतो आणि आकडा खोटा येतो.

वजनकाट्याच्या नादी लागणं

काही जण संध्याकाळ-संध्याकाळ बसून एकेक छर्रा तोलतात. एवढी मेहनत करणार्‍यांबद्दल मला आदर आहे, पण आकडे बघा. १७५ मीटर प्रतिसेकंद वेगानं निघालेला छर्रा दहा मीटरवर पोहोचेपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का, म्हणजे पाच मिलिग्रॅम, फरक असला तरी त्या १७ मध्ये ०.२ मिलिमीटरच्या आसपासच फरक पडेल. दशांश गुणांची (१०.३, १०.४ अशा) एक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. म्हणजे एवढ्या मेहनतीतून दशांशाची एक पायरीही पूर्ण हाती लागत नाही. शिवाय दोन दशांश दाखवणार्‍या स्वस्त काट्यावर पाच मिलिग्रॅमचा फरक दिसतच नाही. निकृष्ट छर्‍यांत वजनं फारच वरखाली असतील तर तो डबाच सोडा, निवडत बसू नका.

डोळ्यांनी बघायचं ते न बघणं

नजर टाकायची ती छर्‍याच्या मागच्या पोकळ घेरावर, ज्याला शूटर स्कर्ट म्हणतात. मागून हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुगून बॅरलला घट्ट बसतो. त्याची कड एका बाजूनं चेपलेली असेल तर बॅरलच्या तोंडाशी हवा वाकडी सुटते आणि छर्‍याला बाजूला धक्का बसतो. आठात जाणारा तो एकटा शॉट बर्‍याचदा हाच असतो.

पांढर्‍या कापडावर मूठभर छर्रे पसरा, टेबल लॅम्प तिरका धरा. गोल कडेवर सावली सरळ फिरते, चेपलेल्या कडेवर ती तुटते. दोन-चार वेळा बघितलं की नजर बसते. कडेला शिशाचा बारीक काप चिकटलाय का, आत भुगा अडकलाय का, तेही बघा. चांगल्या डब्यात असे नग क्वचित निघतात. मूठभरातच पाच-सहा निघाले तर डबा सरावाला ठेवा, स्पर्धेला नेऊ नका. आणि छर्रे खिशात सुटे टाकून रेंजवर जाऊ नका. कारखान्यातून सरळ आलेला घेर तिथेच चेपतो.

चाचणीच चुकीची घेणं

हातात रायफल धरून छर्रे तपासले तर आपण स्वतःलाच तपासतो. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. छर्रे बदलले की आधी पंधरा-वीस शॉट बॅरल रुळण्यासाठी सोडून द्या. मग दहा-दहाचे निदान तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर सोडलेल्या शॉटचे पुंजके, काढा. पाच शॉटच्या एका सुंदर ग्रुपवर भाळू नका. क्लॅम्पमधून दहा शॉटचं मिळून भोक काठापासून काठापर्यंत साडेपाच-सहा मिलिमीटरचं आलं तर तो लॉट उत्तम समजा.

सगळेच छर्रे पसरायला लागले तर डबा फेकण्याआधी स्टॉकचे (रायफलीच्या दस्त्याचे) स्क्रू, साइट (नेम धरायचा भाग) आणि हवेच्या सिलिंडरचा दाब बघा, बॅरल साफ करा. आणि कूलर! एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली कूलरशिवाय उभं राहवत नाही, हे मान्य. पण त्याचा झोत छर्‍याच्या वाटेत आडवा येत असेल तर सपाट डोक्याचा हलका छर्रा एका रिंगनं सहज सरकतो.

शिसं हलक्यात घेणं

पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यात छर्‍यांवर पांढरी भुकटी धरते. ते छर्रे वापरू नका, पुसूनही नको. लोड करताना छर्रे ओठांत धरायची सवय काही मुलांना लागते. ती पहिल्याच दिवशी मोडा. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त. जेवणाच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढण्याआधी हात साबणानं धुवायला लावा, नुसते पाण्यानं नाही.