झोपेची गोळी आणि रिकामी पट्टी : या चुका टाळा

औषधाच्या दुकानात बाकीचे लोक डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतात. झोपेच्या गोळीचं जुनं गिऱ्हाईक रिकामी पट्टी पुढे करतं. गोळ्या संपलेल्या, चांदीचा कागद फाटलेला, पण नाव छापलेला कोपरा जपून ठेवलेला. "हीच द्या, दुसरी मला चालत नाही."

तालुक्याच्या गावी वीस वर्षं दुकान चालवतोय. अशी पट्टी घेऊन येणारी माणसं नशेच्या मागे लागलेली नसतात. निवृत्त मास्तर असतात, नवरा गेल्यावर एकट्या पडलेल्या काकू असतात, रात्रपाळी करणारी पोरं असतात. कधीतरी कुणीतरी दहा दिवसांसाठी गोळी लिहून दिलेली असते आणि ती थांबवायची कधी, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. पुढच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

थांबवायचं कधी, हे न विचारता गोळी सुरू करणं

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, बेंझोडायझेपिन. झोल्पिडेम वेगळ्या रचनेचं आहे, पण मेंदूत काम त्याच जागी करतं. मेंदूतलं गाबा नावाचं रसायन पेशींची धावपळ आवरतं आणि या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. रोज बाहेरून अशी मदत मिळू लागली की मेंदू स्वतःचा लगाम सैल सोडतो. मग पाव मिलिग्रामला येणारी झोप अर्ध्याशिवाय येईनाशी होते. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच बजावलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. आपल्याकडे मी पंधरा पंधरा वर्षं चाललेल्या पट्ट्या पाहिल्या आहेत. म्हणून पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हाच डॉक्टरांना विचारा: किती दिवस घ्यायची आणि सोडायची कशी?

मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं वहीत लिहून ती नोंद आम्हाला तीन वर्षं सांभाळावी लागते. लोक रागावतात, "इतक्या वर्षांची ओळख, आणि चिठ्ठी मागता?" सुरुवातीला ओळखीपोटी मीही दिल्या आहेत, आणि ते चुकलंच. चिठ्ठीसाठी परत डॉक्टरांकडे जावं लागतं, तेव्हाच कुणीतरी विचारतं की ही अजून का चालू आहे.

एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं

हे फार घडतं आणि घरच्यांच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे जोडगोळ्यांचा, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असलेल्या गोळ्यांचा, सुळसुळाट आहे. एसिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम, प्रोप्रानोलोलसोबत क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड. पोटात मुरडा येतो, आतड्याचा त्रास आहे म्हणून दिलेल्या काही गोळ्यांतही क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असतं. एक आजी माझ्याकडून 'पोटाची', 'टेन्शनची' आणि 'झोपेची' अशा तीन गोळ्या न्यायच्या. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि तिन्हींत एकाच घराण्यातलं औषध. दिवसभर झापड, बोलणं जड. सुनेला वाटलं वयामुळे होतंय.

उपाय सोपा आहे. पट्टीवरचं मोठं ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली घटकद्रव्यं वाचा. 'झेपाम' किंवा 'झोलाम' असा शेवट दोन पट्ट्यांवर दिसला, किंवा क्लोरडायझेपॉक्साइड दिसलं, तर सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता.

सवय लागल्याचं कळताच एका रात्रीत बंद करणं

सगळ्यात धोक्याची चूक ही. आणि ती करतात ते बहुतेक निश्चयाची, चांगली माणसं. कुठेतरी वाचलेलं असतं, मुलगा ओरडलेला असतो; पट्टी उचलून कचऱ्यात टाकतात.

अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, साधारण अकरा तासांत अर्धं. त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. क्लोनाझेपामला अर्धं उतरायला तीस-चाळीस तास लागतात. तीन दिवस बरे जातात, माणूस म्हणतो सुटली एकदाची. आणि मग हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भांड्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. झोप तर गोळी सुरू करण्याआधी नव्हती इतकी उडते. इथे माणूस फसतो. "बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही," असं म्हणून परत सुरू करतो. ती औषध अचानक काढून घेतल्याची प्रतिक्रिया असते, मूळचा आजार नव्हे. काहींना फिट येते, भास होतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या घराण्याच्या माहितीपत्रकावर हाच इशारा ठळक चौकटीत छापायला लावला.

ठरवून बंद केली नाही तरी हे होतं. वारीला निघताना पट्टी घरी राहते. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट करताना बीपी-शुगरच्या गोळ्या सांगितल्या जातात, झोपेची सांगायची राहते. तिसऱ्या दिवशी अण्णा असंबद्ध बोलू लागतात आणि नातेवाईक घाबरतात. ॲडमिट होताना ही गोळी आवर्जून सांगा, मात्रेसकट आणि किती वर्षं चालू आहे त्यासकट.

सोडायची कशी? डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने. सर्वसाधारण बेत असा असतो: दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्के कमी करायची, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला यात कित्येक महिने जातात. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थोडं थांबायचं, मागे पळायचं नाही. गोळीचे तुकडे करण्याआधी एसआर, ईआर किंवा सीआर ही अक्षरं आहेत का पाहा. तसल्या गोळ्या तोडल्या की हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

हे जमतं, म्हणून मी मागे लागतो. कॅनडात २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीस औषध दुकानांच्या ज्येष्ठ गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना गोळीचे धोके आणि ती कमी करण्याचं वेळापत्रक असलेली साधी पुस्तिका दिली. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के.

दारू, खोकल्याचं औषध आणि घोरणं

गोळी आणि दारू एकत्र नको, अगदी 'एकच पेग' असला तरी. दोन्ही श्वास मंदावतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं यांचाही धोका तोच. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला तर आधी झोपेची तपासणी हवी, गोळी नंतर.

रात्री तीनला आणखी अर्धी

मध्यरात्री जाग आली म्हणून घेतलेली अर्धी गोळी सकाळी स्कूटरवर तुमच्यासोबत असते. झोल्पिडेम घ्यायचं तर अंथरुणात शिरताना, आणि पुढे सात-आठ तास मोकळे असतील तरच. बायकांच्या शरीरात ते जास्त वेळ रेंगाळतं म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांची मात्रा दहावरून पाच मिलिग्रामवर आणली. २०१९ मध्ये आणखी एक ठळक इशारा आला: या औषधावर माणसं झोपेतच चालतात, गॅस पेटवतात, गाडी चालवतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. असं एकदाही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना कळवा.

पासष्टीनंतरही तीच मात्रा

वयानुसार औषध शरीरात साठतं. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो. विसरभोळेपणाही वाढतो. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की पासष्टच्या पुढे शक्यतो ही औषधं टाळावीत. आई-वडिलांची जुनी चिठ्ठी या नजरेने एकदा बघा. गोळी सुटेपर्यंत संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा राहू द्या.

झोप का उडाली, हे न शोधणं

कित्येकदा कारण औषधांच्या डब्यातच असतं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी रात्री घेतली जाते, स्टिरॉइड संध्याकाळी घेतलं जातं. वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेट, थायरॉइड, गुडघेदुखी, मनात साचलेलं दुःख यांची चौकशी झाली पाहिजे. जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार गोळी नसून वर्तनोपचार असावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. रोज ठरल्या वेळी उठायचं, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, दुपारची झोप टाळायची. पहिले दोन आठवडे फार जड जातात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आपली गोळी शेजारणीला देऊ नका. घरात साठा करू नका, विशेषतः लहान मुलं किंवा मन खचलेलं कुणी असेल तेव्हा. आणि कुणी हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास संथ किंवा तुटक असेल, किंवा गोळी बंद केल्यावर फिट आली असेल, तर लिंबूपाणी-कॉफीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि निघताना ती रिकामी पट्टी खिशात घाला. काय घेतलं आणि किती, हे डॉक्टरांना तिच्यावरून कळेल.