सामाईक शेतरस्ता : मालकी, हक्क आणि डागडुजी यांबाबतच्या या चुका टाळा

कापूस वेचणीला आलेला असताना वावरात जाणाऱ्या वाटेवर शेजाऱ्याने काट्या टाकल्या, ही तक्रार विदर्भातील तहसील कार्यालयांना नवी नाही. अशा प्रकरणांत अर्जदाराचा हक्क खरा असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कारण वाट मुळात कोणत्या प्रकारची आहे हे न तपासताच तो कलम आणि कार्यालय निवडून मोकळा होतो. पहिली चूक तिथेच घडते.

शेताकडे जाणारी वाट साधारणपणे तीन प्रकारची असते. गावनकाशावर दाखवलेली पांदण ही शासनाची असते आणि ती कोणाच्याही खासगी मालकीत मोडत नाही. चार-पाच जणांनी मिळून विकत घेतलेली किंवा भावांनी वाटणीत मुद्दाम एकत्र ठेवलेली पट्टी ही सर्वांच्या सहमालकीची असते. तिच्यावर एकट्याने नांगर घालता येत नाही, कुंपणही करता येत नाही. तिसऱ्या प्रकारात जमीन एकाचीच राहते आणि दुसऱ्याला तिच्यावरून केवळ जाण्या-येण्याचा हक्क असतो, ज्याला कायदा सुविधाधिकार म्हणतो. ‘मी इतकी वर्षे येथून जातो, म्हणजे ही जागा माझीही आहे’ हे वाक्य तिसऱ्या प्रकारात साफ चूक आहे आणि ‘जागा माझी आहे, म्हणजे मी वाट बंद करू शकतो’ हे वाक्यही तितकेच चूक आहे.

प्रकार ठरवण्यासाठी केवळ सातबारा पाहून भागत नाही. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा गाडीरस्ता दाखवते, तर एकेरी तुटक रेषा पायवाट दाखवते. त्यासोबत मोजणीचा नकाशा, जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्र काढावे. विदर्भात आणखी एक कागद हमखास विसरला जातो, तो म्हणजे वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 165 नुसार खासगी जमिनीतून जाण्याच्या वाटेविषयी किंवा पाण्याविषयी गावात जी रूढी चालत आली असेल, तिची नोंद या दप्तरात होते. निस्तारपत्रक (गावातील शासकीय पडीक जमिनीच्या सामाईक वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मागितल्याशिवाय ‘कागदावर काहीच नाही’ असे म्हणू नये.

चुकीच्या कलमाखाली अर्ज

संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून, म्हणजे आपल्याकडील धुऱ्यावरून, रस्ता मिळण्याच्या मागणीची चौकशी करतात आणि शेतकऱ्याला वावरात पोहोचण्यासाठी वाटेची वाजवी गरज किती आहे हे पाहून निर्णय देतात. वापरात असलेली वाट कोणी अडवली असेल, तर मार्ग वेगळा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तोच तहसीलदार अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतो, मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. गावातील बैठकींत समजूत काढण्यात हे सहा महिने सहज निघून जातात, आणि मग नाइलाजाने कलम 143 खाली ‘नवा रस्ता द्या’ असा अर्ज केला जातो. त्यामुळे अर्जदार स्वतःच, जुना रस्ता नव्हता, असे कबूल केल्यासारखे होते. बैठका जरूर घ्याव्यात, परंतु अडथळा केव्हा झाला ती तारीख, छायाचित्रे आणि शेजारच्या खातेदारांचे म्हणणे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावे.

कलम 143 खालील निर्णय अमान्य असल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मात्र दावा केला की त्या निर्णयावर महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. वकिलाशी बोलताना हा मुद्दा आधी मांडावा.

पोलिसांत धाव घेणे ही याच जातीची चूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्ये अन्यायाने अडवणूक करणे हा गुन्हा आहे. तथापि, खासगी वाट अडवण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे असे सद्भावनेने मानणाऱ्याला त्याच कलमातील अपवादाचा लाभ मिळतो. ‘हे प्रकरण दिवाणी आहे’ असे ठाणेदार सांगतो, ते प्रत्येक वेळी टाळाटाळ म्हणून नसते.

वीस वर्षांचा गैरसमज

वीस वर्षे वापरली की वाटेवर आपोआप हक्क मिळतो, असे अनेकांना वाटते; ते खरे नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 नागपूरकडील तत्कालीन मध्य प्रांतास सुरुवातीपासूनच लागू होता, त्यामुळे हा विषय आपल्याकडे जुना आहे. त्याच्या कलम 15 नुसार वीस वर्षांचा वापर शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो, शिवाय हा वीस वर्षांचा काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारा असावा. काकांच्या परवानगीने, दरवर्षी विचारून केलेला वापर चाळीस वर्षे चालला तरी त्यातून हक्क उपजत नाही. दुसरा मार्ग नसल्यास गरजेचा हक्क कलम 13 खाली मिळू शकतो, मुख्यतः वाटणी किंवा विक्रीमुळे एखादा तुकडा आत अडकतो तेव्हा. ही वाट कोणत्या बाजूने द्यायची हे कलम 14 नुसार जमीन देणारा ठरवतो, फक्त ती वाजवी सोयीची असली पाहिजे. जवळची वाट हवी म्हणून गरजेचा हक्क सांगता येत नाही.

हक्क मिळाला तरी त्याचा बोजा वाटेल तसा वाढवता येत नाही. बंडी आणि ट्रॅक्टरसाठी असलेल्या वाटेवरून मुरमाचे टिप्पर किंवा वीटभट्टीचे ट्रक नेणे हा वेगळा वापर आहे. वरुड-मोर्शी भागात बागेतून संत्री उचलायला मोठी गाडी येते, तेव्हा ती कोणत्या महिन्यांत येईल आणि नुकसान झाल्यास कोण भरून देईल, हे आधीच लिहून ठेवलेले बरे.

डागडुजी आणि पाणी

माझ्या मते बहुतेक भांडणांचे मूळ मालकीपेक्षा चिखलात असते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने तडकते आणि तिच्यावर थेट टाकलेला मुरूम पहिल्याच झडीत खाली दबून जातो. काम तूर निघाल्यानंतर आणि मृगापूर्वी करावे, आधी दोन्ही बाजूंना नाल्या काढाव्यात, वरची भुसभुशीत माती खरवडून मग मुरूम पसरून दाबावा आणि रस्त्याचा मधला भाग उंच ठेवावा. मुरूम गौण खनिज आहे, त्यामुळे शेजारच्या टेकडीवरून विनापरवाना उचलल्यास दंडाची पाळी येते.

रस्ता उंच करताना खालून पाईप न टाकणे ही महागात पडणारी चूक आहे. वरच्या वावरातील पाणी भरावामुळे तुंबले आणि सोयाबीन सडले, तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ज्या कलम 5 खाली आपण रस्ता मोकळा करून मागतो, त्याच कलमाखाली नैसर्गिक प्रवाह अडवल्याची तक्रार आपल्याविरुद्ध होऊ शकते. वाट वापरण्याचा हक्क आहे म्हणून तिच्याखालून विहिरीची पाइपलाइन टाकण्याचाही हक्क आपोआप येत नाही. त्यासाठी संमती किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदारांची परवानगी लागते.

खर्चाबाबत नियम स्पष्ट आहे. सुविधाधिकाराच्या वाटेचा खर्च वापरणाऱ्याने करायचा असतो. जमीनमालकावर दुरुस्तीची सक्ती नसते, मात्र त्याने अडथळा आणू नये. सहमालकीच्या पट्टीत वाटा किती टक्के हे ठरलेले नसेल, तर एकरांप्रमाणे की वापराप्रमाणे हा वाद दर वर्षी नव्याने उभा राहतो. सर्वांत आतल्या वावराचा मालक संपूर्ण रस्ता वापरतो, तोंडावरचा फक्त पहिला तुकडा वापरतो. तरी समान वर्गणीचा आग्रह धरला जातो आणि वर्गणीच बंद पडते.

लेखी नोंद आणि विक्री

स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला ‘रस्ता देण्याचा करार’ पुरेसा समजला जातो. प्रत्यक्षात शंभर रुपये किंवा अधिक मूल्याच्या स्थावर हक्काची निर्मिती करणारा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 नुसार नोंदवावाच लागतो. दस्तात गट क्रमांक, लांबी, रुंदी, बाजू आणि मोजणीचा नकाशा असावा, आणि नंतर फेरफाराने सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घ्यावी. शासनाने मे 2025 मध्ये शेतरस्त्यांची अशी नोंद घेण्याबाबत निर्देश दिले आहेत, त्याचा आधार अर्जात द्यावा. फेरफार हा मालकीचा पुरावा नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

जमीन विकताना सुविधाधिकार जमिनीबरोबर जातो, पण सामाईक पट्टीतील मालकीचा हिस्सा वेगळा लिहावा लागतो. खरेदीखतात ‘गट क्रमांक अमुक, दोन एकर’ एवढेच असेल तर पट्टीतला हिस्सा विकणाऱ्याच्याच नावावर राहतो आणि नव्या मालकाला पुन्हा त्याच्या वारसांच्या सह्यांसाठी फिरावे लागते.