जुन्या इंग्रज कारागिराचे मृत्युपत्र कसे वाचावे

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला विणकर, मोची किंवा लोहार आपल्या माघारी बायकापोरांची काय सोय लावत असे, हे त्याच्या मृत्युपत्रावरून बऱ्यापैकी उलगडते. मात्र ते आजच्या वाटणीपत्रासारखे वाचले, तर निष्कर्ष हमखास चुकतात. कारण निम्मी वाटणी आधीच झालेली असते आणि ती कागदावर नसते.

१. कागद मिळवा. जानेवारी १८५८ पूर्वी इंग्लंडात प्रोबेट (मृत्युपत्र खरे ठरवून ते अमलात आणण्याची परवानगी) देण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते. त्यातले सर्वांत वरचे कँटरबरीचे न्यायालय. त्याची १३८४ पासूनची नोंदपुस्तके लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘प्रॉब ११’ या मालिकेत आहेत आणि नाव, गाव, धंदा घालून ऑनलाइन शोधता येतात. लहान कारागिराचे मृत्युपत्र बहुधा तिथे सापडत नाही. ते बिशपच्या किंवा त्याच्या हाताखालच्या आर्चडीकन या धर्माधिकाऱ्याच्या न्यायालयात गेलेले असते आणि त्या परगण्याच्या अभिलेखागारात मिळते. १६५३ ते १६६० या काळात मात्र चर्चची न्यायालये बंद होती आणि सगळा कारभार लंडनला होता, म्हणून त्या वर्षांत खेड्यातला मोचीही लंडनच्या वहीत सापडतो.

‘प्रॉब ११’मधल्या नोंदी कारकुनांनी केलेल्या नकला आहेत. तिथली सही पाहून ‘हा माणूस लिहायला शिकला होता’ असे ठरवू नका.

२. तारीख दुरुस्त करा. १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. ‘१० फेब्रुवारी १६१९’ असे लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने ते १६२० साल. टिपण करताना १६१९/२० असे लिहा. नाहीतर मृत्युपत्र फेब्रुवारीत आणि दफन त्यानंतर वर्षभराने, असा घोळ होतो. मृत्युपत्रे बहुधा अंथरुणाला खिळल्यावरच केली जात, त्यामुळे लिहिण्याच्या आणि दफनाच्या तारखांत अनेकदा आठवड्या-दोन आठवड्यांचेच अंतर असते.

३. पैसे मोजा. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आण्या-पैंचा हिशेब ठाऊक असणाऱ्याला हे जड नाही. आकडे रोमन असतात आणि शेवटच्या ‘आय’ला लांब शेपटी काढून त्याचा ‘जे’ केलेला असतो. चारच्या डोक्यावर बारीक दोन ‘एक्स’ दिसले तर ते चार विसा, म्हणजे ८०. तेरा शिलिंग चार पेन्स ही रक्कम वारंवार येते आणि विचित्र वाटते. ती आहे एक मार्क, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. अर्धा मार्क सहा शिलिंग आठ पेन्स.

४. सुरुवात झटपट उरका. ‘देवाच्या नावाने, आमेन’, शरीराने आजारी पण स्मृतीने शाबूत, आत्मा देवाला, देह चर्चच्या आवारातल्या मातीला. हे शब्द अनेकदा लिहून देणाऱ्याचे असतात. त्यावरून मरणाऱ्याची धर्मश्रद्धा मोजायला जाऊ नये.

५. शेवटचे कलम आधी वाचा. बरेच वाचक इथेच फसतात. वर मुलीला २० पौंड, पुतण्याला कोट, गावातल्या गरिबांना दहा शिलिंग अशी यादी असते आणि बायकोच्या नावावर जेमतेम एक पलंग दिसतो. पण तळाशी वाक्य असते: उरलेली सगळी मालमत्ता, कर्ज आणि दफनखर्च भागवून, माझ्या पत्नीला, तीच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारी. चालू दुकान, कच्चा माल, येणे असलेली उधारी, सगळे या ‘उरलेल्या’त येते. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा पलंग’ मिळाला, यावर लोक अजून भांडतात. कागदावरच्या त्या एका ओळीवरून त्याने तिला वाऱ्यावर सोडले असे म्हणता येत नाही, कारण नवऱ्याच्या मालकीच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर विधवेचा तहहयात हक्क सर्वसाधारण कायद्यानेच असे. तो लिहावा लागत नसे.

लंडनमध्ये याहून पुढची रूढी होती. शहराचा नागरिक असलेल्या कारागिराच्या जंगम मालमत्तेचे तीन भाग होत: एक विधवेचा, एक मुलांचा आणि उरलेल्या एकाचीच विल्हेवाट त्याच्या मर्जीने. ही रूढी १७२४ च्या कायद्याने गेली.

६. कोणाचे नाव नाही ते पाहा. थोरला मुलगा यादीत नाही किंवा त्याला फक्त एक शिलिंग आहे, म्हणून तो नावडता ठरत नाही. जमीन त्याला वारसाहक्काने आपोआप जाई, किंवा दुकान थाटायला बापाने हयातीतच पैसे दिलेले असत. लग्न झालेल्या मुलीचा वाटा लग्नातच दिलेला असे. नातीही जपून वाचा: ‘सन-इन-लॉ’ म्हणजे अनेकदा सावत्र मुलगा, आणि ‘कझिन’ हा पुतण्या किंवा भाचाही असू शकतो.

७. अटी उतरवून काढा. खरी सोय अटींत आहे. विधवेला दुकानावरची खोली, चुलीपाशी जागा, विहिरीवर जाण्यायेण्याची मुभा, असे बारीकसारीक लिहिलेले असते, कारण सून घरात आल्यावर नेमके त्यावरूनच खटके उडत. वर्षासन दोन हप्त्यांत, २५ मार्च आणि २९ सप्टेंबरला. मुलांचे वाटे २१ व्या वर्षी, मुलींचे २१ व्या वर्षी किंवा लग्नाच्या दिवशी, जे आधी येईल ते. एखादे मूल त्याआधी गेले तर त्याचा वाटा उरलेल्या भावंडांत.

‘विधवा राहील तोवर’ ही अट वाचून नवऱ्याचा मत्सर दिसतो, पण तिचे मूळ कायद्यात आहे. तिने पुन्हा लग्न केले की तिची जंगम मालमत्ता नव्या नवऱ्याची होई. पहिल्या नवऱ्याच्या पोरांचे पैसे त्यातच बुडू नयेत, म्हणून लग्नाआधी जामीनखत करून घेण्याची अटही आढळते.

अवजारांकडे नीट लक्ष द्या. माग, ऐरण, कातड्याचे साचे ज्याला मिळाले तो धंदा पुढे चालवणार, असा अंदाज बांधता येतो. उमेदवाराच्या, म्हणजे हाताखाली धंदा शिकणाऱ्या पोराच्या, कराराची उरलेली वर्षेसुद्धा दिली जात. १५६३ च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची होती, तेव्हा शिकून तयार झालेल्या उमेदवाराची शेवटची तीन वर्षे म्हणजे विधवेच्या हातात आयता कारागीर.

८. मालयादीशी ताळा करा. माणूस गेल्यावर दोन-चार शेजारी घरात फिरून मालाच्या खोलीवार किमती लावत. या यादीत मालकीची जमीन नसते. जंगम माल, भाडेपट्टे आणि येणे उधारी असते. बुडीत येणी वेगळी लिहिलेली दिसली तर ती वजा करा. मृत्युपत्रात ६० पौंड वाटले आहेत, यादी ४५ ची आहे आणि जमीन कुठेच नाही, असे दिसले तर पोरांना पूर्ण वाटा मिळाला नाही हे उघड आहे. कर्ज आधी फिटे, दाने मागून.

९. तळाची प्रोबेट-नोंद आणि पुढची वर्षे. १७३३ पर्यंत ही नोंद बहुतेक लॅटिनमध्ये असते. शपथ कोणी घेतली तेवढे शोधा: पत्नीने की दुसऱ्याच कोणी. मग त्या चर्चच्या लग्न-नोंदीत पुढची पाच-सात वर्षे तिचे नाव शोधा आणि शहर असेल तर व्यवसायसंघाच्या उमेदवार-वहीतही. तिथे नवा पोरगा विधवेच्या हाताखाली बांधून घेतलेला दिसला, तर दुकान बंद पडले नव्हते.