स्टेम सेलवर आपल्या खासदारानं काय मत दिलं, ते कसं तपासायचं

माझ्या मुलाला २००४ साली टाइप १ मधुमेह निघाला. सात वर्षांचा होता. फ्रिजच्या दारात लोण्याच्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्या आल्या, आणि रात्री दोनचा गजर लावून तो झोपेत असतानाच बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, हे रोजचं झालं. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत हॅमिल्टनला राहत होतो. भ्रूणातल्या मूलपेशींपासून (म्हणजेच स्टेम सेलपासून) इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवता येतील, ही आशा मी त्याच वर्षी पहिल्यांदा ऐकली. दोन वर्षांनी नागरिकत्व मिळालं, मतदानाचा हक्क आला, तेव्हा ठरवलं की आपला खासदार या बाबतीत काय करतो ते स्वतः बघायचं. बघताना आधी साफ चुकले. आता ओळखीच्या बायका हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

‘स्टेम सेल संशोधनाला पाठिंबा’ असं वाचलंत की आधी विचारा, कोणत्या स्टेम सेल? बाळाच्या नाळेतल्या रक्तात ज्या मूलपेशी असतात त्या मुख्यतः रक्ताच्या पेशी बनवतात. ल्युकेमियासारख्या आजारात त्यांचा मोठा उपयोग आहे आणि त्यांना कोणाचा विरोध नाही. भ्रूणातल्या मूलपेशींपासून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी घडवता येते, पण त्या काढताना काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. वाद आहे तो एवढ्याच गोष्टीवर.

आमचे खासदार होते ख्रिस स्मिथ. रिपब्लिकन, १९८१ पासून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात, गर्भपाताचे ठाम विरोधक. २४ मे २००५ या एका दिवसात त्यांच्यासमोर दोन विधेयकं मतदानाला आली. पहिलं एच. आर. २५२०, त्यांनी स्वतः मांडलेलं, नाळेचं रक्त साठवणाऱ्या बँकांसाठी. दीड लाख नवीन नमुने गोळा करायचं त्यात उद्दिष्ट होतं. ४३१ विरुद्ध १ मतांनी ते मंजूर झालं आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. दुसरं एच. आर. ८१०. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचारात उरलेले, नाहीतर टाकूनच दिले जाणारे भ्रूण जोडप्यानं लेखी संमतीनं दिले, तर त्यांच्यापासून मिळवलेल्या पेशींवरच्या संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळावा, हे त्यात होतं. तेही मंजूर झालं, २३८ विरुद्ध १९४. स्मिथ यांचं मत विरोधात.

पहिल्या विधेयकाच्या नावातच ‘स्टेम सेल’ आहे. मी ते नाव आणि त्याखाली आमच्या खासदाराचं नाव वाचून आनंदानं नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता. दुसरं विधेयक मला आठवड्यानं सापडलं. स्मिथ यांनी काही लपवलं नव्हतं, भ्रूण म्हणजे माणूसच असं ते पूर्वीपासून उघड सांगत आले आहेत. मला ते पटत नाही, पण त्यांचं मत शोधायला मीच चुकीच्या कागदावर बघत होते.

म्हणून विधेयकाचं नाव बाजूला ठेवा आणि क्रमांक धरा. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकताना कितवी काँग्रेस, म्हणजे संसदेची कितवी मुदत, तेही निवडा, कारण दर दोन वर्षांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. ही दोन्ही विधेयकं १०९व्या काँग्रेसची. मग ‘ॲक्शन्स’मध्ये जाऊन ‘रोल कॉल’ उघडा. तिथे प्रत्येकाचं नाव आणि मत दिसतं, गैरहजर कोण होतं तेही.

एका मतावर थांबू नका. ८१० संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, १८ जुलै २००६ ला ६३ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झालं आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, त्यांच्या कारकिर्दीतला पहिला. तो मोडायला प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मतं लागत होती. पडली २३५ विरुद्ध १९३. २००७ मध्ये तसंच विधेयक पुन्हा आलं आणि पुन्हा नकाराधिकार झाला. स्मिथ यांचं मत प्रत्येक वेळी तेच. सिनेटर तपासत असाल तर आणखी जपा. त्याच १८ जुलैला भ्रूण नष्ट न करता मूलपेशी मिळवण्याच्या संशोधनाचं एक विधेयक १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. म्हणजे त्या दिवशीच्या प्रत्येक सिनेटरला ‘मी स्टेम सेलच्या बाजूनं मत दिलं’ म्हणता येतं, ८१०ला विरोध केलेल्या ३७ जणांनासुद्धा.

कोणी मत बदललं असेल तर तारीख आणि कारण दोन्ही वाचा. सिनेटमधले तेव्हाचे बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट हे हृदयाचे शल्यचिकित्सक. २००१ मध्ये ते बुश यांनी केंद्राच्या पैशावर घातलेल्या मर्यादेच्या बाजूनं होते, २९ जुलै २००५ ला सिनेटमध्ये भाषण करून त्यांनी ती सैल करायला पाठिंबा दिला. ती मर्यादा कमी पडत होती. ९ ऑगस्ट २००१ च्या आधी तयार झालेल्या पेशींच्या वंशावळींनाच, म्हणजे एका भ्रूणापासून प्रयोगशाळेत वाढवत नेलेल्या पेशींनाच, केंद्राचा पैसा मिळणार होता. बुश यांनी साठहून जास्त वंशावळी असल्याचं सांगितलं, हाताशी आल्या वीसेक. त्या वंशावळींच्या मूळ यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचंही नाव होतं.

पैसा कोणाचा, हेही दर वेळी बघा. खासगी पैशावर बंदी नव्हतीच. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २००४ मध्ये अशाच पैशातून सतरा नवीन वंशावळी जगासमोर ठेवल्या. त्यांच्या मुलांनाही टाइप १ आहे. राज्याचा पैसा हा आणखी वेगळा हिशोब. न्यू जर्सीत नोव्हेंबर २००७ मध्ये मूलपेशी संशोधनासाठी ४५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांवर जनमत झालं. मी ‘हो’ म्हटलं. प्रस्ताव पडला, आणि त्या रात्री सुई टोचताना माझा हात थरथरत होता.

ओबामांनी मार्च २००९ मध्ये बुश यांची मर्यादा उठवली. तरी भ्रूण नष्ट करणाऱ्या कामाला केंद्राचा पैसा न देण्याची अट, डिकी-विकर नावाची, १९९६ पासून दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला जोडली जाते. त्या अवाढव्य विधेयकावरच्या मतावरून भ्रूणाबद्दलचं मत कळत नाही, तो पुरावा धरू नका. त्यापेक्षा खासदाराच्या कार्यालयात फोन करा आणि विचारा: ‘आयव्हीएफमध्ये उरलेल्या भ्रूणांपासूनच्या मूलपेशींवर केंद्राचा पैसा खर्च व्हावा असं साहेबांना वाटतं का? आणि डिकी-विकरची अट काढायला ते मत देतील का?’ फोन घेणारी मुलं बहुतेक कॉलेजची असतात, त्यांच्याशी गोडीनं बोला. उत्तर लेखी मागा आणि पत्र आलं की त्यावर तारीख घालून ठेवा.