टाकी ढवळायला माणूस नेमा: स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीभरणीची तयारी

बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची वाइन एकदा बुचाखाली गेली की तिच्यात काहीही दुरुस्त करता येत नाही. साखर चुकली, यीस्ट चुकलं, तर काही आठवड्यांनी किंवा थेट दीड वर्षाने कळतं, आणि तेव्हा हजारभर बाटल्या चुकलेल्या असतात. ही यादी त्या भरणीच्या आधीची. घरचीच माणसं सगळं करतात अशा छोट्या वाइनरीसाठी, १००० लिटरची एक टाकी धरून, म्हणजे १३३० च्या आसपास बाटल्या. कागदावर सगळ्यात वर एक नाव लिहा: टाकी ढवळणाऱ्याचं. बाटल्या, बुचं, साखर यांच्याही आधी. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं.

बेस वाइन, म्हणजे पहिल्यांदा आंबून झालेली बिनबुडबुड्यांची वाइन, महिनाभर आधी तपासून ठेवा. अल्कोहोल साडेदहा टक्क्यांच्या आसपास हवं. ११ च्या वर असेल तर यीस्टला त्रास होतो, कारण बाटलीत आणखी सव्वा ते दीड टक्का वाढणार असतो. फ्री सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवायला घातलेल्यापैकी मोकळं उरलेलं) लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली, फार तर १५. जास्त असेल तर थांबा, घाई करू नका. सल्फरवर मात करण्यासाठी यीस्ट जास्त घालणं हा उपाय नव्हे. मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणं, एक तर पूर्ण झालेलं असू दे, नाही तर पूर्ण रोखलेलं. अर्धवट राहिलं आणि बाटलीत सुरू झालं तर इतका बारीक गाळ पडतो की तो मानेकडे सरकतच नाही. टार्टरेटसाठी (वाइनमधल्या टार्टारिक आम्लाचे क्षार) उणे ४ अंशांवर आठवडाभर थंड करून गाळून घेतलेलं असावं. हे टाळलं तर स्फटिक बाटलीत पडतात आणि शेवटी गाळ काढताना प्रत्येक स्फटिकावर बुडबुडे धरून अर्धी वाइन बाहेर उफाळते. प्रोटीनची चाचणीही करून घ्या. आणि हो, थंड केलेली वाइन भरणीच्या तीन-चार दिवस आधी १५-१६ अंशांवर आणा. मोठी टाकी रातोरात तापत नाही. थंड वाइनमध्ये ओतलेलं यीस्ट झटका बसून निपचित पडतं.

साखरेचा हिशेब सोपा आहे, चुकतो मात्र सर्रास. लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण १ वातावरण दाब येतो. ६ वातावरण हवा तर लिटरला २४ ग्रॅम. बेस वाइनमध्ये उरलेली साखर यातून वजा करायची, आणि ती घनतामापकाने मोजायची नाही. अल्कोहोलमुळे तो खोटं वाचतो. एन्झाइमची चाचणी करा, नाही तर प्रयोगशाळेत पाठवा. उरलेली साखर दीड ग्रॅम निघाली तर १००० लिटरला साडेबावीस किलो पुरे. पाक वाइनमध्येच करा: विरघळलेली साखर किलोमागे ०.६ लिटरहून थोडी जास्त जागा घेते, म्हणून ३१ लिटर वाइनमध्ये साडेबावीस किलो घातली की ४५ लिटर पाक होतो, लिटरला ५०० ग्रॅमचा. हजार लिटर म्हणजे पाक, यीस्ट, सगळं मिळून हजार. बेस वाइनच हजार घेऊन वर पाक ओतला तर दाब खाली येणारच.

यीस्टचं विरजण भरणीच्या चार दिवस आधी सुरू होतं, आदल्या रात्री नाही. बाटलीत त्याला अल्कोहोल, आम्ल, थंडी आणि वाढता दाब एकदमच सोसायचा असतो, म्हणून आधी सवय लावावी लागते. ईसी-१११८ सारखं चिवट यीस्ट १०० ग्रॅम, १ लिटर पाण्यात, ३७ अंशांवर, २० मिनिटं. मग ४ लिटर पाणी, ४ लिटर बेस वाइन, अर्धा किलो साखर, पण हळूहळू ओतत: एका वेळी १० अंशांपेक्षा जास्त तापमान उतरू द्यायचं नाही. पहिला दिवस २२ ते २५ अंशांवर ठेवा आणि हवा द्या, भरपूर. बाटलीत हवा मिळणार नाही. पेशींच्या भिंती धडधाकट होण्यासाठी लागणारा प्राणवायू आत्ताच घेऊ दे. दुसऱ्या दिवशी १० लिटर वाइन आणि अर्धा किलो साखर. तिसऱ्या दिवशी आणखी २० लिटर वाइन, ७०० ग्रॅम साखर, तापमान १८ वर. चौथ्या दिवशी ते टाकीच्या तापमानाला येऊ दे. साखर पूर्ण संपण्याआधी, चालू असतानाच वापरायचं. संपून दिवसभर पडून राहिलेलं विरजण घालण्यापेक्षा भरणी पुढे ढकला.

किती घालायचं ते अंदाजाने नको. सूक्ष्मदर्शकाखाली गणती करा, मिथिलीन ब्लू घालून. निळ्या पडलेल्या पेशी मेलेल्या. मिलिलिटरला ५ कोटी जिवंत पेशी दिसल्या तर १००० लिटरला ३० लिटर पुरतं, म्हणजे बाटलीत मिलिलिटरला १५ लाख. १० लाखांच्या खाली गेलं तर आंबणं मध्येच अडकण्याची भीती, २० लाखांच्या वर गाळ जास्त आणि यीस्टचा वास. उरलेलं टाकून द्या, जीव तुटू देऊ नका.

आता ढवळणं. साखरेचा पाक वाइनपेक्षा जड असतो. तो टाकीच्या तळाशी जाऊन बसतो आणि भरायची तोटी नेमकी तळाशी असते. नीट न मिसळता भरायला घेतलं तर पहिल्या शंभर-दोनशे बाटल्यांत साखर जास्त, शेवटच्यांत कमी. लिटरला १२ ग्रॅम जास्त गेली तरी ३ वातावरण दाब वाढला. उन्हाळ्यात तळघर तापलं की अशी बाटली फुटते आणि शेजारच्या दोन-चार घेऊन जाते. पाक एकदा पूर्ण मिसळला की पुन्हा वेगळा होत नाही, तेवढं बरं. यीस्ट आणि बेंटोनाइट (गाळ एकत्र धरायला घालायची बारीक माती) मात्र होतात. त्यांना खाली बसायला संधीच हवी असते. टाकी ढवळायचा पंखा बंद करून सगळे जेवायला गेले की परत येईपर्यंत तळाशी थर जमायला लागलेला असतो. मग काही बाटल्यांत दुप्पट यीस्ट, काहींत जवळजवळ नाहीच, आणि बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात.

म्हणून ढवळणारा माणूस वेगळा, आणि त्याला दुसरं काम नाही. बुचं पुरवणं नाही, फोन घेणं नाही, ‘जरा इकडे हात लाव’ नाही. घरच्या भरणीत हाच माणूस आधी पळवला जातो, कारण तो रिकामा उभा दिसतो. जेवण पाळीपाळीने. पंखा सावकाश चालवा. भोवरा पडला की हवा आत ओढली जाते. पंखा नसेल तर पंपाने तळातून घेऊन वर सोडा, नळीचं तोंड वाइनच्या पृष्ठभागाखाली ठेवून. पंखा टाकीच्या बाजूला बसवलेला असेल तर शेवटच्या दीडदोनशे लिटरला तो उघडा पडून फेस करायला लागतो. तेव्हा तो बंद करून स्टीलच्या वल्ह्याने हाताने ढवळायचं, शेवटच्या बाटलीपर्यंत. वल्हं आधीच धुऊन टाकीशेजारी टांगून ठेवा, ऐन वेळी कुणाला सापडत नाही. भरणयंत्राच्या छोट्या हौदात आणि नळीतही यीस्ट बसतं. काम १० मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर नळीतली वाइन टाकीत परत घ्या, ढवळा, मग सुरू करा.

मिसळलंय की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. तळाच्या तोटीतून एक नमुना, वरून एक नमुना, दोन्हींची घनता एकाच तापमानाला मोजा. इथे घनतामापक चालतो, कारण आकडा खरा असण्याची गरज नाही, दोन्ही सारखे हवेत. फरक दिसला तर अर्धा तास आणखी ढवळा.

बाटल्या स्पार्कलिंगच्याच, जाड, नव्या. जुन्या वापरू नका. काचेवरच्या एका ओरखड्यानेही ताकद जाते. तोंड २९ मिलिमीटरचं की २६ चं ते पाहून क्राउन बुचं (सोड्याच्या बाटलीसारखी पत्र्याची) मागवा. हे चुकतं, आणि भरणीच्या सकाळी चुकल्याचं कळतं. बुचाच्या आत बसणारी प्लास्टिकची वाटी मोजून घ्या, शंभरएक जास्त. बूच दाबायच्या यंत्राची पकड गेजने तपासा: सुरुवातीला, आणि मग दर दोनशे बाटल्यांनी. बूच हाताने फिरलं तर सैल. चष्मे, हातमोजे वगैरे सांगायला नको. पुढे रचलेल्या बाटल्या हलवताना मात्र तोंडावर पूर्ण जाळी किंवा पारदर्शक ढाल हवीच.

बेंटोनाइट आदल्या दिवशी पाण्यात भिजवा, १०० लिटरला ३ ते ५ ग्रॅमच्या हिशेबाने. कोरडं टाकलं तर गोळे होतात. भरणीच्या सकाळचा क्रम असा: बेस वाइन, मग पाक, ढवळा, दोन नमुने, मग यीस्ट आणि त्याचं पोषक पाकिटावरच्या मात्रेत, पुन्हा ढवळा, शेवटी बेंटोनाइट. तिथून ढवळणं थांबवायचं नाही. सगळी टाकी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवसापर्यंत साखर टाकीतच आंबायला लागते आणि तेवढा दाब हवेत जातो. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भरणीतल्या चार-चार बाटल्यांवर खडूने खूण करून बाजूला ठेवा. ढवळणं नीट झालं होतं का याचा पुरावा याच बाटल्या देणार आहेत.

बाटल्या आडव्या रचा, १२ ते १४ अंशांवर. चार आठवड्यांनी, मग आठ आठवड्यांनी खुणेच्या बाटल्यांपैकी प्रत्येक गटातली एक ॲफ्रोमीटरने (बूच टोचून लावायचा दाबमापक) टोचून दाब पाहा, बाटलीचं तापमान लिहून. १० अंशांना ६ वातावरण असलेली बाटली २० अंशांना साडेसात-आठ दाखवते, त्यामुळे तापमानाशिवाय आकड्याला अर्थ नाही. तीन गटांत फरक आला तर टाकी ढवळली गेली नव्हती, दुसरं कारण शोधत बसू नका. जास्त दाबाचा गट वेगळा, सगळ्यात थंड कोपऱ्यात, जाळीच्या पिंजऱ्यात.

पुढचं थोडक्यात. गाळावर किमान ९ महिने, जमलं तर १८. फळ्यांवर तोंड खाली करून रोज एक अष्टमांश फिरवत तीन ते आठ आठवडे. मानेत जमलेला गाळ गोठवून काढायला मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावणात, पण त्याआधी सगळी बाटली थंड. ब्रूट, म्हणजे कमी गोड, म्हणून विकायची तर डोसेजनंतर (गाळ काढल्यावर वरून घालायची वाइन आणि साखर) साखर लिटरला १२ ग्रॅमच्या खाली, आणि सल्फर डोसेजमध्येच. बूच, तारेची जाळी, सहा अर्धे फेरे. गाळ काढल्याची तारीख लेबलवर छापा, दोन-तीन महिने बाटली बाहेर काढू नका.