बिलियर्ड्स-पूलच्या काठीसाठी, म्हणजे क्यूसाठी, नक्षीदार लाकूड घेताना आधी टोक बघा

विक्रेत्याच्या फोटोत दिसतो तो ओल्या फडक्यानं पुसलेला, चकाकणारा दीड इंची चौकोनी तुकडा. नवख्याचे पैसे इथंच बुडतात, कारण ज्या पृष्ठभागावर तुम्ही भाळता त्यातलं क्यूमध्ये काहीच उरत नाही.

हिशोब करा. तुकडा 1.5 इंच, आणि तयार फोरआर्मचा (क्यूच्या मुठीपुढच्या भागाचा) व्यास जॉइंटपाशी (पुढची काठी जोडतात तिथं) 0.85 इंच. म्हणजे प्रत्येक बाजूनं 0.325 इंच, सव्वाआठ मिलिमीटर लाकूड भुशात जातं. कोपऱ्यातून तर 16 मिलिमीटर. तुम्हाला विकत घ्यायचं आहे ते आतलं लाकूड, आणि आतलं दाखवतं ते टोक. टोकावरचं मेण चिमूटभर खरवडून वार्षिक वलयं कशी जातात ते पाहा.

पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या बर्ड्सआय मेपलचंच घ्या. डोळे उठतात ते वलयांना समांतर असलेल्या बाजूवर. वलयांना छेदणाऱ्या बाजूवर त्यांच्या नुसत्या बारीक रेघा दिसतात. त्यामुळे तुकडा कसाही कापलेला असो, गोल झाल्यावर डोळे समोरासमोरच्या दोन पट्ट्यांतच दाट येणार. दोन बाजू कोऱ्या दिसल्या म्हणून चांगला तुकडा टाकू नका. आणि वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी गेली असतील, तर चारही बाजू फोटोत मरगळलेल्या दिसतात. तोच तुकडा लेथवर (लाकूड फिरवून गोल करायच्या यंत्रावर) दिमाखदार निघतो, कारण गोलाला कोपरे नसतात. असे तुकडे मागे पडलेले असतात. ते शोधा. फक्त डोळे समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना आहेत का, हे तपासा. एकाच बाजूला असतील तर ते आत किती खोल जातात याचा भरवसा नाही.

आता तंतूंची दिशा. नक्षी आणि तंतू वेगळे, आणि बाक आणतात ते तंतू. टोकदार सुई हलक्या हातानं लांबीवर ओढा. ती तंतूंच्या वाटेनं सरकते. लगतच्या दोन्ही बाजूंवर हे करा. बारा इंचात पाव इंचापेक्षा जास्त सरकली, तर नक्षी कितीही देखणी असली तरी तो तुकडा क्यूचा नाही. बर्लमध्ये, म्हणजे झाडावरच्या गाठीच्या लाकडात, तंतूंना दिशाच नसते, म्हणून बर्ल गाभा घातल्याशिवाय वापरायचाच नाही. मधोमध 5/8 इंची भोक आणि त्यात सरळ रेषेच्या मेपलचा दांडा. पाऊण इंची गाभा घातलात तर जॉइंटपाशी भिंत 0.05 इंचच उरते, तिथं फाटतं.

गाभ्याचा दुसरा फायदा वजनाचा. बारा इंची फोरआर्म मेपलचा साधारण 100 ग्रॅम भरतो, कोकोबोलो या जड परदेशी लाकडाचा 150 च्या पुढं. हा दोन औंसांचा फरक क्यूचा तोल पुढं ओढतो. 5/8 चा मेपल गाभा त्यातले 24–25 ग्रॅम कमी करतो.

परदेशी तुकडे बहुधा चारही बाजूंनी मेण लावून येतात, म्हणजे आत ओलावा असतो. बाजूंवरचं मेण खरवडा, टोकांवरचं राहू द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि तारीख तुकड्यावरच लिहा. सलग चार आठवडे वजन हललं नाही, तर लेथवर घ्या. मग एका वेळी दीडेक मिलिमीटर काढा, तुकडा उभा टांगा, काही आठवडे थांबा. मायक्रोवेव्हमध्ये वाळवण्याचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. स्नेकवुड आणि आबनूस तर संथपणे वाळवूनही तडकतात. मधे बाक आला तर घाबरू नका. जाड असताना आलेला बाक पुढच्या कापात निघून जातो, थांबायचं ते त्यासाठीच.

कोकोबोलो तेलकट असतो. चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा आणि ते उडताच इपॉक्सी लावा. तासभर थांबलात तर तेल परत वर येतं. त्याची धूळ अंगावर पुरळ उठवते, आणि एकदा त्रास सुरू झाला की दर वेळी वाढत जातो. मास्क आणि पूर्ण बाह्या पहिल्या दिवसापासून हव्यात.

कागदपत्रांचंही बघा. 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जिया वंशाची सगळी झाडं साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. त्यात कोकोबोलो आला, आणि सह्याद्रीतली आपली शिसवही. ब्राझिलियन रोझवुडवरचे निर्बंध 1992 पासूनचे आणि त्याहून कडक. परवान्याशिवाय सीमेपलीकडून मागवू नका. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराचा माल अडकत नाही, तुमचा अडकतो.

गुरू करायचा तर जो आपले बाद तुकडे हातात देतो, तो करा. तयार क्यू दाखवणारे पुष्कळ असतात. आणि महागड्या लाकडाची घाई नको. अमेरिकेतले नामवंत क्यू कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांनी आपल्या अनेक क्यू ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट ब्लँकवर (अर्धवट तयार दांड्यावर) घडवल्या, ज्यात पुढचा भाग साध्या मेपलचाच असे. पहिले तीन फोरआर्म कर्ली मेपलचे करा. त्याच्या लाटा बहुधा आरपार जातात, चूक झाली तरी खिसा रिकामा होत नाही, आणि सुई कशी सरकते हे हाताला कळतं.